क्षमेविना कबुली : ख्रिस्ती पापनिवेदन आणि आत्मकथनाचे रूप

१

मराठीत आत्मचरित्राचा विचार करताना 'प्रामाणिकपणा' हा निकष जवळजवळ आपोआप लावला जातो. लेखकाने स्वतःचे दोष किती निर्भीडपणे सांगितले, काय झाकून ठेवले, कोठे स्वतःची बाजू सावरून घेतली, यांवरून संहितेचे मोल ठरवण्याची आपली रीत आहे. हा निकष इतका अंगवळणी पडला आहे की त्याला काही इतिहास असेल, तो एखाद्या विशिष्ट धार्मिक व्यवहारातून घडत आला असेल, ही शंकाही सहसा घेतली जात नाही. वस्तुतः स्वतःचे पाप शब्दांत मांडणे आणि त्या शब्दांवरून मांडणाऱ्याचे अंतःकरण जोखणे हा व्यवहार युरोपीय साहित्यात आला तो ख्रिस्ती पापनिवेदनाच्या विधीतून. मात्र त्या विधीत निवेदन हे अनेक अंगांपैकी एक अंग होते. त्याच्या आधी अनुताप होता, त्याच्यानंतर क्षमा होती आणि क्षमेबरोबर भरपाईचे कर्तव्य होते. आधुनिक आत्मकथनाने यांतील निवेदन तेवढे उचलले आणि उरलेली अंगे मागे ठेवली.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या एकाकी पडलेल्या निवेदनाला स्वतःच्या बळावर पूर्णविराम देता येत नाही; आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्या व्यक्तीला ते सहज विसरते. म्हणून कबुलीच्या संहितेचे मूल्यमापन करताना तिचा लेखक किती खरे बोलला एवढेच पाहणे अपुरे आहे. अन्यायग्रस्ताला त्या संहितेत कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

२

प्रथम शब्दाचा प्रश्न. मराठीत हा विषय मांडताना 'प्रायश्चित्त' हा शब्द टाळता येत नाही आणि तो निर्धास्तपणे वापरताही येत नाही. ख्रिस्ताने क्रुसावरील मरणाने मानवजातीच्या पापाबद्दल जे केले, त्यालाही मराठी बायबलच्या परंपरेत प्रायश्चित्त म्हटले जाते. पापनिवेदनानंतर धर्मगुरू अनुतापी व्यक्तीस जी प्रार्थना किंवा जे कृत्य नेमून देतात, तेही प्रायश्चित्तच. आणि या दोहोंच्या फार पूर्वीपासून धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त त्या शब्दात ठाण मांडून बसलेले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचाच आहे. तेथे पापी स्वतः व्रत, तप, दान करतो. काय करावे ते विद्वानांची परिषद सांगते. ख्रिस्ती अर्थाने मात्र मूळ प्रायश्चित्त पापी करीतच नाही. ते त्याच्यावतीने दुसऱ्याने आधीच केलेले असते. एकाच शब्दात कर्त्याची अशी अदलाबदल व्हावी, ही अनुवादाच्या इतिहासातील साधी घटना नव्हे.

या भेदाचे 'हिंदू बाह्य कर्म मानतात, ख्रिस्ती अंतःकरण मानतात' असे सुलभ सूत्र करण्याचा मोह एकोणिसाव्या शतकातील वादविवादांत दोन्ही बाजूंना झाला. ते सूत्र टिकणारे नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे उपाय सांगताना तप आणि अध्ययन यांच्या जोडीला पापाचे ख्यापन, म्हणजे ते जाहीर करणे, आणि अनुताप हेही सांगितले आहेत. उलट ख्रिस्ती मध्ययुगात उपवास, यात्रा आणि दान यांचे दर ठरवून देणाऱ्या पुस्तिका होत्या. बाह्य आणि आंतर यांची ओढाताण दोन्ही परंपरांच्या पोटात आहे.

तरीही शब्दाच्या या दुहेरीपणाचे एक बोलके उदाहरण आपल्याकडे आहे. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला; हजर असलेल्यांची नावे नंतर छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. आपल्या हातून पाप घडले अशी त्यांची धारणा नव्हती. आपल्यामुळे स्नेह्यांची अडचण होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. रमाबाई रानडे यांच्या आठवणींतही हा प्रसंग आला आहे. ख्रिस्ती मिशनच्या आवारात घडलेल्या कृत्याबद्दलचे हे प्रायश्चित्त ख्रिस्ती अर्थाने प्रायश्चित्त नव्हतेच, कारण त्यात अनुताप नव्हता. समाजाशी तुटू पाहणारा संबंध पुन्हा जोडणे एवढेच त्याचे कार्य होते. सुधारकांवर त्यामुळे दांभिकतेचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांनी नकळत कोणता निकष वापरला, ते पाहण्यासारखे आहे. कृती अंतःकरणाची साक्ष असली पाहिजे, हा तो निकष.

गोव्याच्या कोंकणीने वेगळा मार्ग धरला. तेथे पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात. पोर्तुगीज क्रियापदाचेच ते रूपांतर आहे. उसना शब्द विधीला परका ठेवतो, पण जुन्या अर्थांत मिसळू देत नाही. संस्कृत शब्द विधीला घरचा करतो आणि त्याबरोबर घरातील जुने हिशेबही त्याच्या माथी मारतो. पंडिता रमाबाईंनी आपल्या मराठी बायबलच्या अनुवादात हिंदू धर्मव्यवहाराचे संस्कार असलेले संस्कृतप्रचुर शब्द टाळण्याचा जो कसोशीचा प्रयत्न केला, त्यामागे या अडचणीची जाण होती.

३

पापनिवेदनाचा विधी आज ज्या रूपात परिचित आहे, त्या रूपात तो आरंभापासून नव्हता. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या महापातकांसाठी उघड, कठोर आणि आयुष्यात एकदाच घेता येणारे प्रायश्चित्त होते. पापी व्यक्ती मंडळीसमोर अनुतापी म्हणून उभी राही, दीर्घकाळ पवित्र भोजनापासून दूर राही आणि शेवटी तिला पुन्हा सामावून घेतले जाई. तिने आपली सगळी कथा तपशीलवार सांगावी अशी अपेक्षा नव्हती. तिचे शरीर, तिचा वेष, तिचे उभे राहणे हीच कबुली होती. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतून खाजगी आणि पुनःपुन्हा करता येणारे निवेदन पसरू लागले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने समजत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असा नियम केला, आणि त्याच नियमात धर्मगुरूवर गोपनीयतेचे कडक बंधन घातले. अनुताप, निवेदन आणि भरपाई ही पाप्याची तीन कर्तव्ये व धर्मगुरूने उच्चारलेली क्षमा ही त्यांची पूर्तता, अशी विधीची घडण शास्त्रकारांनी पक्की केली. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तिला पुन्हा दुजोरा दिला.

या घडणीमागे प्रायश्चित्ताचा एक मोठा सिद्धान्त होता. कँटरबरीच्या अॅन्सेल्मने अकराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वर मनुष्य का झाला या प्रश्नाचे उत्तर देताना असे मांडले की, पापाने ईश्वराच्या सन्मानाचे जे देणे थकते ते मनुष्याने फेडले पाहिजे, पण फेडण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वरापाशी आहे. म्हणून दोन्ही स्वरूपे असलेल्या ख्रिस्तानेच ते फेडावे लागले. पुढच्याच पिढीतील आबेलार्डने भर दिला तो देणे फेडण्यापेक्षा त्या मरणातून प्रकट झालेल्या आणि मनुष्याच्या ठायी प्रेम जागवणाऱ्या प्रेमावर. एकीकडे ऋणफेडीचे रूपक, दुसरीकडे हृदयपरिवर्तनाचे. साहित्यातील कबुलीची सगळी कथनेही याच दोन रूपकांमध्ये हेलकावे खात आलेली दिसतील.

ल्यूथरने १५१७ मध्ये क्षमापत्रांच्या विक्रीवर प्रहार केला, तेव्हा त्याचा पहिलाच मुद्दा असा होता की, पश्चात्ताप ही ख्रिस्ती माणसाची आयुष्यभराची अवस्था असली पाहिजे. त्याने खाजगी निवेदन मोडीत काढले नाही; प्रत्येक पापाची मोजदाद करण्याची सक्ती तेवढी नाकारली. पण प्रॉटेस्टंट पंथांत हळूहळू कानाशी लागून ऐकणारा धर्मगुरू दूर झाला आणि त्याच्या जागी रोजनिशी आली. तुरुंगात असताना १६६६ मध्ये आपल्या आत्मिक झगड्याची कथा प्रसिद्ध करणारा बन्यन हा त्या स्थित्यंतराचा ठळक साक्षीदार आहे. त्याला क्षमेची खात्री होते, पुन्हा ती जाते, पुन्हा येते. क्षमा उच्चारणारा आवाज बाहेरचा नसला की ती मिळाली का, हा प्रश्न कधीच मिटत नाही. आधुनिक आत्मकथनातील अस्वस्थतेचे बीज येथे आहे.

मिशेल फूको यांनी १९७६ मध्ये लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात कबुलीकडे सत्तेची यंत्रणा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. बोलायला लावणारा आणि ऐकणारा सत्ताधारी असतो. माणूस आपल्याविषयीचे सत्य बोलून स्वतःला त्याच्या स्वाधीन करतो, हे त्यांचे विश्लेषण विसाव्या शतकातील समीक्षेवर खोल ठसा उमटवून गेले. २०१८ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांचा विचार आला आहे, आणि शब्दाविना होणाऱ्या त्या जुन्या कबुलीची दखलही आहे. परंतु पहिल्या खंडाने रूढ केलेल्या दृष्टीत विधीचे एक अंग निसटते. पापनिवेदनाची खोली ही माणसाने बाहेर पडावे यासाठी बांधलेली होती. क्षमेचे शब्द उच्चारले की कथन संपते आणि पाप्याला भरपाईसाठी जगात परत पाठवले जाते. ही समाप्ती काढून टाकली की मग जे उरते त्याचे वर्णन फूको यांनी अचूक केले आहे.

४

ऑगस्टीनने साधारण ३९७ ते ४०१ या काळात लिहिलेल्या 'कन्फेशन्स'ला आत्मचरित्राचा उगम मानण्याची प्रथा आहे. पण आत्मचरित्र म्हणून वाचणारे बहुतेक वाचक नवव्या भागाशी थांबतात. तेरा भागांपैकी पहिल्या नवांत जीवनकथा आहे. दहाव्यात लेखनकाळच्या मनाचा आणि स्मृतीचा शोध आहे. अखेरचे तीन उत्पत्तीच्या पुस्तकाच्या आरंभावरील चिंतनाचे आहेत. ही रचना विस्कळीत नाही. लॅटिनमध्ये या शीर्षकाच्या शब्दाला पापाची कबुली, श्रद्धेचा उच्चार आणि ईश्वराची स्तुती असे तिन्ही अर्थ आहेत. कबुलीपासून स्तुतीपर्यंतचा प्रवास हीच संहितेची घडण आहे. म्हणून तिला 'मी'च्या कथेवर थांबता येत नाही.

ऑगस्टीनचे व्याकरण द्वितीयपुरुषी आहे. तो अथपासून इतिपर्यंत ईश्वराला 'तू' म्हणून संबोधतो. वाचक हा बाजूला उभा राहून ऐकणारा आहे. ज्याला उद्देशून बोलायचे तो सर्व जाणणारा असल्यामुळे त्याला माहिती देण्याचे प्रयोजनच उरत नाही. मग सांगायचे कशासाठी, हा प्रश्न ऑगस्टीन स्वतः उपस्थित करतो. उत्तर असे की, सांगण्याने सांगणारा बदलतो आणि ऐकणाऱ्या बांधवांचे मन उचलले जाते. दुसऱ्या भागातील पेरूसारख्या नाशपातींच्या चोरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी सोबत्यांबरोबर चोरलेली फळे. भूक नव्हती, ती डुकरांपुढे टाकली. या क्षुल्लक चोरीवर ऑगस्टीन पानेच्या पाने खर्च करतो, कारण केवळ वाईटाच्या ओढीने केलेल्या कृत्यात त्याला पापाचे निखळ रूप दिसते.

पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. झाडाचा मालक या विश्लेषणात कोठेही नाही. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, अनेक वर्षे सोबत राहिलेली आणि मुलाची आई झालेली स्त्री, जिला सोयीच्या विवाहासाठी आफ्रिकेला परत पाठवण्यात आले, तिचे नावही संहितेत नाही. तिच्या वियोगाने झालेल्या जखमेचे वर्णन आहे. ती जखम ऑगस्टीनची आहे. ईश्वराशी असलेले नाते इतके व्यापक होते की त्यात ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे विरघळून जातात. कबुलीच्या साहित्याची ही उणीव अशी त्याच्या आद्य संहितेतच आहे, हे मान्य केले पाहिजे. धर्माने निवेदनाला भरपाईची जोड दिली होती ती याच उणिवेवरचा उपाय म्हणून. वेदीपाशी अर्पण आणणाऱ्याने आधी दुखावलेल्या भावाशी समेट करून यावा ही मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवण, आणि फसवून घेतलेले चौपट परत करणारा लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय, हे त्या उपायाचे आधार आहेत.

५

रूसोने आपल्या आत्मकथनाला ऑगस्टीनचेच शीर्षक दिले. त्याच्या मृत्यूनंतर १७८२ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले. येथे 'तू'ची जागा वाचकाने घेतली आहे. ईश्वराचे नाव आरंभी येते, पण न्यायासनावर वाचक बसलेला आहे. दुसऱ्या भागात चोरलेल्या फितीचा प्रसंग आहे. तरुण रूसोने तूरिनच्या एका घरात फीत चोरली आणि आळ मारियों या निरपराध मोलकरणीवर घातला; दोघांनाही कामावरून काढले. रूसो सांगतो की, या आठवणीने त्याला आयुष्यभर छळले आणि तिच्या ओझ्यातून सुटण्याची इच्छा हे पुस्तक लिहिण्यामागचे एक मोठे कारण आहे. आणि लगेच तो असेही सांगतो की मारियोंचे नाव तोंडी आले ते ती मनात होती म्हणून. तिच्यावर लोभ होता म्हणूनच तिच्यावर आळ आला.

पॉल द मान यांनी १९७९ च्या 'अॅलेगरीज ऑफ रीडिंग' या ग्रंथात या प्रसंगाचे जे वाचन केले ते कबुलीच्या समीक्षेत टाळता येत नाही. कबुली शब्दांतच घडत असल्यामुळे ती नकळत सबब बनते. सबब पुन्हा नवा अपराध उत्पन्न करते. आणि लाज उघडी करण्याच्या कृतीत स्वतःचा आनंद असतो, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. हे वाचन तीक्ष्ण आहे. परंतु १९८७ मध्ये, द मान यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्यांनी जर्मनव्याप्त बेल्जियममध्ये तरुणपणी लिहिलेले लेख उजेडात आले. त्यांत ज्यूंच्या साहित्यातील स्थानाविषयीचा मार्च १९४१ चा निंद्य लेख होता. हयातीत त्यांनी या लेखांची जाहीर कबुली दिली नव्हती. त्यानंतर कबुली म्हणजे सबब हा सिद्धान्त अनेकांना वेगळ्याच प्रकाशात दिसू लागला.

एखाद्या सिद्धान्ताला त्याच्या कर्त्याच्या चरित्रावरून फेटाळणे हा तर्कदोष आहे, आणि तो येथे करायचा नाही. प्रश्न सिद्धान्ताच्या आतलाच आहे. कबुली भाषेच्या यंत्रणेत अडकून सबब बनते, हे कोणत्या कबुलीविषयी खरे आहे? जिला वाचकाखेरीज दुसरा श्रोता नाही आणि जिच्यापुढे भरपाईचे कर्तव्य नाही, अशा कबुलीविषयी. रूसोला मारियोंचा शोध घेता आला असता का, ते कोणी सांगू शकणार नाही. पण पुस्तक वाचकांसाठी लिहिले आहे, मारियोंसाठी नव्हे, हे उघड आहे. द मान यांच्या वाचनातही मारियों हे एक चिन्ह आहे, जवळजवळ योगायोगाने तोंडात आलेले नाव. तिचे पुढे काय झाले असेल या विचाराने रूसो निदान व्याकूळ तरी होतो. समीक्षकाच्या वाचनाला त्याचीही गरज भासत नाही.

६

निवेदनापासून क्षमा अलग केली की काय होते याचे सर्वांत भेदक चित्रण दस्तयेव्हस्कीच्या 'डेमन्स'मधील वगळलेल्या प्रकरणात आहे. संपादक कात्कोव्हने ते छापण्यास नकार दिला आणि ते १९२२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. स्टाव्ह्रोगिन आपल्या अपराधाची कबुली छापील कागदांवर घेऊन तीखोन या निवृत्त बिशपकडे मठात जातो. त्याच्या अत्याचारानंतर एका लहान मुलीने गळफास घेतला आहे. तीखोन कागद वाचतो आणि कोणाही वाचकाला चकित करणारा प्रश्न विचारतो. या दस्तऐवजाच्या शैलीत काही दुरुस्त्या करता येणार नाहीत का? वरवर समीक्षकी वाटणारा हा प्रश्न आत्म्याचे निदान आहे. त्या गद्यात लोकांना आव्हान आहे. द्वेष ओढवून घेण्याची तयारी आहे, पण कीव किंवा हसू सोसण्याची नाही. तीखोनला नेमके हेच दिसते. पुढे तो सुचवतो की, प्रसिद्धीचा हा मार्ग सोडून, कोणाला न कळता, एका वृद्ध तपस्व्याच्या आज्ञेत काही वर्षे राहावे. आणि त्याच क्षणी त्याला उमगते की हा माणूस कागद प्रसिद्ध करण्याचे टाळण्यासाठी नवा अपराध करील. स्टाव्ह्रोगिन संतापून निघून जातो.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची कृती मात्र सहज नजरेआड होते. तीखोन स्टाव्ह्रोगिनकडेच क्षमा मागतो. प्रत्येक पाप हे सर्वांविरुद्धचे पाप असल्याने कोणीही कोणाचा परका न्यायाधीश नाही, या भूमिकेतून. श्रोत्याचे आसन तो स्वतःहून खाली आणतो. फूको यांच्या मांडणीत न बसणारा असा हा श्रोता आहे.

जे. एम. कुट्सी यांनी १९८५ मध्ये टॉलस्टॉय, रूसो आणि दस्तयेव्हस्की यांच्यावर लिहिलेल्या निबंधात असे दाखवून दिले आहे की, आत्मपरीक्षणाच्या मागे पुन्हा आत्मपरीक्षण लागत असल्यामुळे लौकिक कबुलीला अंत नाही; अंत कृपेनेच येऊ शकतो. हा निष्कर्ष मान्य करूनही त्यात भर घालावी लागेल. कृपेने पाप्याची कथा संपते. अन्यायग्रस्ताची संपते का?

हा प्रश्न टॉलस्टॉयने 'रिझरेक्शन' (१८९९) या कादंबरीत अन्यायग्रस्ताच्या तोंडून विचारला आहे. नेख्ल्यूदोव्हने कधी काळी भ्रष्ट करून सोडून दिलेली कात्यूशा मास्लोव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आहे आणि तो ज्यूरीत बसला आहे. त्याला पश्चात्ताप होतो, तो तुरुंगात जाऊन क्षमा मागतो, विवाहाची तयारी दाखवतो. ती उसळून त्याला सुनावते की, या जन्मी माझ्या देहाचा उपभोग घेतलास आणि आता परलोकातील स्वतःच्या सुटकेसाठीही मलाच वापरणार आहेस. कबुलीच्या संपूर्ण साहित्यावरची ही टीका आहे, आणि ती समीक्षकाने केलेली नाही. नेख्ल्यूदोव्हचा अनुताप खोटा नाही. प्रामाणिकपणाच्या कसोटीवर तो उतरेल. तरीही मास्लोव्हाचा आरोप खरा आहे. प्रामाणिक अनुतापही दुसऱ्याला साधन बनवू शकतो. शेवटी ती त्याचा प्रस्ताव नाकारून आपला वेगळा मार्ग निवडते, आणि त्या नकारानेच त्याची कबुली स्वतःभोवती फिरण्यातून सुटते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न साहित्याबाहेरही उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेत १९९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सत्य व समेट आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टूटू होते, आणि तेथील वातावरण ख्रिस्ती क्षमेच्या भाषेने भारलेले होते. कायद्यात मात्र माफीसाठी राजकीय हेतू आणि संपूर्ण सत्यकथन यांची अट होती, पश्चात्तापाची नव्हती. कुट्सी यांच्या 'डिस्ग्रेस' (१९९९) या कादंबरीतील प्राध्यापक लुरी विद्यापीठाच्या समितीपुढे दोष मान्य करतो, पण पश्चात्ताप दाखवण्यास नकार देतो. अंतःकरण तपासण्याचा अधिकार या समितीला नाही, हे त्याचे म्हणणे तात्त्विकदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु पुढे तो त्या विद्यार्थिनीच्या घरी जाऊन तिच्या आईपुढे आणि बहिणीपुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावतो. तेव्हा समितीपुढचे त्याचे बिनचूक बोलणे अपुरे होते, हे वाचकाच्या ध्यानात येते. ती विद्यार्थिनी तेथे नाही. तिची कथा तिच्या बाजूने आपल्याला कधीच कळत नाही, आणि कादंबरी ही रिकामी जागा भरून काढण्याचा आव आणत नाही.

७

या प्रकाशात मराठीकडे पाहिले तर काय दिसते? एकोणिसाव्या शतकात धर्मांतरित ख्रिस्ती लेखकांनी मराठीत आत्मकथनाची एक वाट पाडली. १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' १८८८ मध्ये आले. शीर्षकापासूनच त्याचे रूपक उजेडाचे आहे. पूर्वायुष्य हा अज्ञानाचा अंधार. येथे पापाच्या कबुलीपेक्षा मताच्या परिवर्तनाला महत्त्व आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेली साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, हे त्यांना कित्येक वर्षांनी जाणवले असे त्या सांगतात. स्वतःच्या धर्मांतरालाच अपुरे ठरवणारी ही कबुली आहे. आणि तिच्या मागेपुढे दुष्काळात दगावलेले आईवडील, शास्त्रांनी स्त्रियांना दिलेले स्थान, केडगावच्या मुक्तिसदनातील मुली हे सारे आहे. रमाबाई एकाच वेळी पापनिवेदन करणारी व्यक्ती आणि अन्यायाची साक्षीदार आहेत. कबुली आणि साक्ष हे दोन प्रकार तेथे एकत्र येतात.

मराठीत पुढे साक्षीचा प्रकार समृद्ध झाला. दया पवार यांच्या 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी अन्यायग्रस्ताचा आवाज साहित्याच्या केंद्रस्थानी आणला. त्यांनाही आपण 'प्रामाणिक', 'धीट' असली विशेषणे लावली. म्हणजे पाप्यासाठी घडलेला निकष ज्यांच्याविरुद्ध पाप घडले त्यांना लावला. ही निकषांची गफलत आहे. ज्याला कोणाची क्षमा मागायची नाही, त्याच्याकडून आपण कबुलीची अपेक्षा करीत राहिलो. उलट, ज्या समाजघटकांकडे कबुली द्यायला पुष्कळ होते त्यांच्या आत्मचरित्रांत जातीचा उल्लेख बहुधा बालपणीच्या वातावरणाचा तपशील म्हणून येतो. अस्पृश्यता पाळल्याचे सांगितले जाते ते कालौघाच्या सुरात. ज्यांच्याशी ती पाळली त्या माणसांना तेथे क्वचितच नाव असते. ऑगस्टीनच्या संहितेतील निनावी स्त्री येथे पुन्हा भेटते.

याचा अर्थ मराठी लेखकांनी ख्रिस्ती विधी स्वीकारावा असा नाही, आणि साहित्याने क्षमा वाटावी असाही नाही. तो अधिकार साहित्याला नाही. पण ख्रिस्ती परंपरेतील विचारवंतांनी अनेक शतके खल करून एक गोष्ट ओळखली होती, ती समीक्षेला उपयोगी आहे. सांगणे म्हणजे सुटणे नव्हे. सांगण्यानंतर क्षमा करणारा दुसरा लागतो आणि क्षमेनंतर ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावे लागते. धर्मशास्त्रातील ख्यापन आणि दान यांच्या साहचर्यातही हा विवेक अगदीच अनुपस्थित नव्हता. आत्मचरित्राच्या समीक्षेने 'लेखक खरे बोलला का' या प्रश्नाला आणखी दोन प्रश्नांची जोड द्यावी : तो कोणाशी बोलला, आणि ज्याच्याविषयी बोलला त्याला उत्तर देण्याची जागा त्याने ठेवली का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर अत्यंत प्रामाणिक संहितेतही एक अपराध शिल्लक राहिला आहे, हे समीक्षकाला सांगता आले पाहिजे.